मान मोडून घेऊ नकोस

चि. बाळास,


सूनबाई फोनवर बोलून गेली, "दाढी झाली की ते न्हाव्याकडून मान मोडून घेतात, मोकळं वाटतं म्हणतात." (तिला रागावू नकोस, मीच खोदून विचारलं.) अरे, अख्खी नोकरी मी लोकांच्या माना हातात धरण्यात घालवली आणि माझाच भाचा हनुवटी दुसऱ्याच्या हाती देऊन कट्‌कन आवाज काढून घेतो?

तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो, सांध्यातल्या वंगणात होणाऱ्या वायूच्या बुडबुड्याचा असतो. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या भोकांतूनच वर चढतात. हिसका बसला तर त्यांचं अस्तर फाटू शकतं, गुठळी होते आणि धडधाकट माणूस अर्धांगाने पडतो. क्वचित घडतं, मान्य. पण १९९३ साली वाइनट्रॉब नावाच्या अमेरिकी डॉक्टरने पार्लरात केस धुवायला मान मागे टाकून बसलेल्या बायकांचं असं झाल्याचं लिहिलंय. त्यांना तर कुणी हिसकाही दिला नव्हता.

चोळण्याला माझा विरोध नाही. उताणं निजवून कवटीच्या खालच्या कडेला बोटं नुसती टेकवून धरायची. खांद्यावरचा गोळा अंगठ्याने दाबून सैल पडेपर्यंत थांबायचं. धास्तावलेल्या माणसाला हात लावण्याआधी विचारावं लागतं, नाहीतर तो आणखी ताठरतो. चांगला फिजिओथेरपिस्ट हे सगळं करतो आणि आरामही पडतो. टिकत मात्र नाही.

कारण तुझा श्वास! जिवाला घोर लागला की माणूस वरच्या छातीने श्वास ओढतो आणि फासळ्या उचलायचं काम मानेच्या स्नायूंवर येतं. मिनिटाला १५ श्वास धरले तरी दिवसाला २१,६०० वेळा. अर्धा तास चोळून काय होणार? शाळेत ‘छाती पुढे, पोट आत’ करून उभं करतात, त्यावर मी जन्मभर भांडत आले. दादा, तुझा बाप, हसायचा मला. लेकरू झोपेत कसं श्वास घेतं ते बघ, पोट वरखाली होतं. तू निजून पोटावर हात ठेव आणि हात उचलला जातो का बघ. मग खांदे कानापर्यंत आवळ आणि एकदम सोड. जेकबसन नावाच्या डॉक्टरने १९२९ च्या पुस्तकात आवळून सोडण्याचीच रीत सांगितली आहे, सैलपणा असा शिकावा लागतो.

सूनबाई आणखीही बोलली. रात्री दोनला उठून अंगणात फेऱ्या मारतोस, झोपेत दात खातोस. उसाला तुरे आले, तोडणीची टोळी येत नाही, कालव्याचं आवर्तन कधी ते कळत नाही. आपल्या कोऱ्हाळ्यात हे कुणाला चुकलंय? पण दादाचंही मानेपासूनच सुरू झालं होतं. पुढचं लिहीत नाही.

बारामतीच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेट. लाज वाटत असेल तर आधी १४४१६ ला फोन लाव. टेलिमानस सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्री दोनलाही. आणि मानेत एका बाजूला कधी नव्हती अशी कळ आली, चक्कर आली, एकाचे दोन दिसले, जीभ जड झाली, तर शेक घेत बसायचं नाही, तडक मोठा दवाखाना गाठायचा.

हे पत्र सूनबाईलाही वाचायला दे.

तुझी,
आत्या