जुहूच्या वाळूत गवत कुठलं?

मुलांनो, जुहूच्या वाळूत घोड्याला खायला गवत कुठलं? मुंबईच्या तबेल्यांना ते पुरवलं डहाणू-पालघरकडच्या माळांनी. वाळलं गवत हलकं, पण जागा केवढी खातं! म्हणून वखारीत ते प्रेसच्या पेटीत कोंबायचं, दाबायचं, तारेनं बांधायचं. हवा निघून गेली की ढिगाची झाली गाठ! आताचं बेलर यंत्र ट्रॅक्टरमागून शेतातच गाठी बांधत जातं.

कापणी मात्र तेव्हा वारल्यांच्या विळ्यानं व्हायची. मजुरी फारच तुटपुंजी, म्हणून १९४५ साली त्यांनी संप केला. गोदावरी परुळेकर त्यांच्या सोबत होत्या. मागणी काय, तर ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये. ५०० पौंड म्हणजे सव्वादोनशे किलो, बरं का! त्याच ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. त्यात ५ आदिवासी मेले.