दादांचा आवाज आणि लॅपटॉपचा बसलेला गळा

कौटुंबिक पानावर लॅपटॉपची गोष्ट कशाला, असे काही वाचक विचारतील. त्यांना आमचे एवढेच सांगणे, की 2025 च्या ऑक्टोबरात आमच्या घरी जे घडले ते यंत्राचे दुखणे कमी आणि घरचे दुखणे जास्त होते.

आमचे दादा कर्जत रेल्वेत खलाशी होते. दिवसा रेल्वेची नोकरी आणि रात्री गायन पार्टी. एक पेटी, एक ढोलकी, मागे साथीला चौघे. चौदा एप्रिलपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत ते रात्री घरी दिसत नसत. आज दहिवली, उद्या नेरळ, परवा चौक, मग खोपोली. वामनदादा कर्डकांची गाणी त्यांना वही न उघडता येत. बिदागी म्हणावी तर नारळ, टोपी आणि गाडीभाड्यापुरते पैसे. आई त्यावरून बोलायची, पण पार्टी आपल्या आळीत आली की सर्वांत पुढे तीच बसायची.

बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या वेळी, 1991 च्या एप्रिलात, खोपोलीतल्या कार्यक्रमात कुणीतरी टेपरेकॉर्डर समोर ठेवला आणि साठ मिनिटांची एक कॅसेट भरली. दादांच्या उभ्या आयुष्यातले तेवढेच एक ध्वनिमुद्रण. आमच्या भागातला पाऊस कॅसेटला काय करतो हे वेगळे सांगायला नको. बुरशी धरली, फीत चिकटू लागली. टाळेबंदीत, 2020 साली, पुतणीच्या ऑनलाइन वर्गांसाठी घरात लॅपटॉप आला. पुढच्या वर्षी तिने टेपरेकॉर्डरला वायर जोडून ती कॅसेट त्यात उतरवून घेतली. पहिली बाजू पूर्ण उतरली. दुसरी लावली आणि फीत आत गुंतून तुटली. हाती आली 31 मिनिटे.

ऑक्टोबर 2024 मध्ये दादा गेले. तेव्हापासून संध्याकाळचे वंदन झाले, की आईच्या खाटेशेजारी स्टुलावर लॅपटॉप ठेवायचा आणि ती 31 मिनिटे लावायची, हा घरचा नेमच झाला. आईला आता फारसे दिसत नाही. त्या ध्वनिमुद्रणात दोन गाण्यांच्या मध्ये एक जागा आहे. दादा खाकरतात, ढोलकीवाल्याला म्हणतात, "जरा चढव," आणि मागून आईचाच तरुण आवाज येतो, "चहा आणलाय." आई गाण्यांपेक्षा त्या जागेची वाट पाहत असते.

आता दुखण्याकडे येतो. सप्टेंबर 2025 मध्ये जो तो सांगत होता, की विंडोज 10 ची मुदत 14 ऑक्टोबरला संपते, त्यानंतर तिला फुकटची सुरक्षा मिळणार नाही, तेव्हा विंडोज 11 घ्या. 14 ऑक्टोबर! 1956 साली याच तारखेला नागपूरला बाबासाहेबांनी जुने सारे सोडून धम्माची दीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. तारीख ऐकून आम्हीही म्हटले, यंत्रालाही नवी दीक्षा देऊन टाकू. 21 तारखेच्या रविवारी ते काम केले. पण घरचा जुना प्रिंटर नव्या विंडोजशी बोलेना, लॅपटॉपही मंद झाल्यासारखा वाटू लागला. नवी विंडोज घेतल्यावर दहा दिवसांच्या आत सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत जाऊन 'गो बॅक' म्हटले, की जुनी विंडोज परत मिळते. त्या मुदतीपुरती जुनी यंत्रणा एका वेगळ्या फोल्डरमध्ये सांभाळून ठेवलेली असते. नवव्या दिवशी आम्ही मागे फिरलो. प्रिंटर चालला, आम्ही खूश!

संध्याकाळी आईजवळ लॅपटॉप नेला. गाणे चालू केले. पडद्यावर रेघ पुढे सरकत होती, मिनिटे मोजली जात होती, पण आवाज नाही. कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर लाल फुली. तिच्यावर बाण नेला तर लिहून येई, की आवाज बाहेर काढणारे साधनच बसवलेले नाही. आई म्हणाली, "गेला का रे ह्यांचा आवाज? एकदा गेले ते गेले, आता दुसऱ्यांदा?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर आम्हालाही तेच वाटले होते, की मागे फिरण्याच्या नादात आपण ती 31 मिनिटे पुसून टाकली. दुसरी प्रत कुठेच काढून ठेवली नव्हती. चार वर्षांत पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवायला पाच मिनिटे मिळाली नाहीत, ही चूक आम्ही कुणावर ढकलणार?

दोन तारखेला धम्मचक्र प्रवर्तन दिन. विहारात सर्व जमले, आम्हीही गेलो, पण मन लागेना. बारा तारखेच्या रविवारी दादांचा प्रथम स्मृतिदिन ठरला होता आणि त्यात त्यांचा आवाज ऐकवू असे खालापूरपर्यंतच्या नातेवाइकांना आम्ही सांगून बसलो होतो. शनिवारी लॅपटॉप पिशवीत घालून खोपोलीची लोकल धरली. एका दुकानात दाखवला. तिथल्या माणसाने दोन मिनिटे पाहिले आणि निदान केले, "मदरबोर्ड गेला. साडेसहा हजार पडतील, आठवडा लागेल." परत येताना केळवली, पळसदरी कधी गेली ते कळले नाही.

पुतणी पनवेलला डिप्लोमा करते. रविवारी सकाळी ती आली, सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, "काका, आवाज गेला म्हणजे नेमके काय गेले? गाणे गेले, गळा गेला, की गाण्याला गळ्यापर्यंत नेणारा गेला?" आम्ही तिच्याकडे पाहतच राहिलो.

विहारातल्या मुलांकडून तिने बिनवायरचा स्पीकर मागून आणला, ब्लूटूथने लॅपटॉपला जोडला आणि ती फाइल लावली. दादा गाऊ लागले! आई खाटेवरच उठून बसली. गाणे जागच्या जागी होते. मागे फिरताना आपल्या फाइली सहसा शाबूत राहतात. जातात ती नंतर बसवलेली सॉफ्टवेअर, बदललेल्या सेटिंग्ज आणि कधी कधी आमच्यासारख्यांचे ड्रायव्हर. बिनवायरच्या स्पीकरला लॅपटॉपचा स्वतःचा गळा लागत नाही, म्हणून तो बोलला. दुरुस्तीला हात घालण्याआधी पुतणीने ती फाइल दोन पेन ड्राइव्हवर आणि तिघांच्या फोनमध्ये उतरवली.

मग तिने लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करताना एक बटण दाबून धरले. काही कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये विंडोज सुरू होण्याआधीच यंत्राची स्वतःची तपासणी करता येते, आमच्यात ती सोय होती. त्या तपासणीत स्पीकरमधून टिणटिण असा स्वच्छ आवाज आला. गळाही शाबूत. साडेसहा हजार तिथेच वाचले. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही, आम्हीच कपाळाला हात लावून त्याच्यापुढे उभे होतो.

उरला तो नेणारा. त्याला ड्रायव्हर म्हणतात. नावाने फसू नये, तो गाडी चालवत नाही. कर्जतच्या माणसाला तो चटकन समजावा. घाट चढणाऱ्या गाडीला आपल्या स्टेशनात मागून बँकर इंजिन लावतात. डबे चांगले, उतारू बसलेले, पुढचे इंजिनही ठणठणीत, पण बँकर लागला नाही तर गाडी घाट चढायची नाही. गाणे म्हणजे फाइलीत साठवलेले आकडे. लॅपटॉपमधली एक चिप त्या आकड्यांची वीज करते आणि ती वीज स्पीकरचा पडदा हलवते. पण विंडोजने त्या चिपशी कोणत्या भाषेत बोलायचे हे ठरवणारा दुभाष्या लागतो, तो ड्रायव्हर. आमच्याकडे अकराचा दुभाष्या अर्धवट मागे राहिला होता आणि दहाचा परत आलाच नव्हता.

या ठिकाणी आम्हाला कोंडाण्याची लेणी आठवली. दादा आम्हाला लहानपणी कोंदिवड्याहून चालत तिथे नेत. चैत्यगृहाच्या दर्शनी भागात, भंगलेल्या मूर्तीजवळ, ब्राह्मी लिपीतला छोटा लेख आहे. कण्ह याचा शिष्य बलक याने हे केले, असे तो सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा शिष्य आपल्या गुरूचे नाव दगडात ठेवून गेला. नंतर कितीतरी शतके माणसे त्या लेखासमोरून गेली असतील, कुणाला काही ऐकू आले नाही, कारण ब्राह्मी वाचणारेच उरले नव्हते. 1837 च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ती लिपी उलगडली तेव्हा देशभरचे असे दगड पुन्हा बोलू लागले. अक्षरे होती, दगड होता, मधला माणूस हरवला होता. आमच्या स्टुलावरच्या यंत्रात दुसरे काय झाले होते?

पुतणीने 'डिव्हाइस मॅनेजर' उघडले. आवाजाच्या रकान्यात ब्लूटूथच्या स्पीकरखेरीज काही नव्हते. वेगळ्या रकान्यात पिवळ्या खुणेसह 'मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर' अशी बेवारस नोंद पडली होती. ती काढून टाकली, सोबतचा ड्रायव्हर पुसण्याच्या चौकटीत खूण केली आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला. पुष्कळदा एवढ्यावर विंडोज स्वतःच साधारण कामाचा ड्रायव्हर बसवते. आमचे नशीब तेवढे बलवत्तर नव्हते.

मग आम्ही आगाऊपणा केला. ती चहा पीत असताना इंटरनेटवर 'सर्व ड्रायव्हर एका क्षणात' असे सांगणारे काहीतरी उतरवायला घेतले. तिने कप खाली ठेवून आमचा हात धरला. असली दुकाने आधी घाबरवतात, मग पैसे मागतात, आणि वर नको ते बसवून जातात. ड्रायव्हर घ्यायचा तो लॅपटॉप ज्या कंपनीचा आहे तिच्याच संकेतस्थळावरून, यंत्राच्या पाठीवरच्या चिठ्ठीतला क्रमांक घालून. त्यातही तिथे आपोआप विंडोज 11 निवडलेले होते, ते बदलून 10 करावे लागले. हीच बारीक गोष्ट आमच्या हातून नक्की सुटली असती.

तरीही पहिल्या फेरीत लाल फुली गेली नाही. तिने थोडा वेळ डोके खाजवले, मग लक्षात आले. दोन ड्रायव्हर होते. एक प्रोसेसरच्या बाजूचा, जो आवाजाचा रस्ताच उघडतो, आणि दुसरा प्रत्यक्ष आवाजाच्या चिपचा. आम्ही फक्त दुसरा बसवला होता. रस्ता बंद असेल तर विंडोजला चिप दिसणार कशी? दोन्ही काढले, आधी पहिला बसवला, लॅपटॉप बंद करून चालू केला, मग दुसरा बसवला, पुन्हा बंद-चालू केला. दुपारचे दीड वाजले होते. कुणी जेवले नव्हते.

कोपऱ्यातली फुली गेली होती. तरी पहिले गाणे मुकेच! आमचा जीव खाली-वर झाला. पुतणी हसली. यंत्र अजून ब्लूटूथच्या स्पीकरकडे आवाज पाठवत होते आणि तो स्पीकर मुलांनी केव्हाच परत नेला होता. स्पीकरच्या चिन्हावर टिचकी मारून तिने लॅपटॉपचा स्वतःचा स्पीकर निवडला.

पुढे त्याच लॅपटॉपवर विंडोज 10 ला वाढीव सुरक्षेसाठी नोंदवून घेतले. घरगुती वापरासाठी ती सोय 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत दिलेली होती. पुन्हा अकराकडे जाण्याआधी तिचे ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवायचे, हे कागदावर लिहून आम्ही कपाटाच्या दाराला आतून चिकटवले.

बारा तारखेला घर भरले. बौद्धाचार्यांनी त्रिसरण-पंचशील दिले, पुण्यानुमोदन झाले. खालापूरहून दादांच्या पार्टीतला ढोलकीवाला आला होता, साथीदारांपैकी आता तोच एक उरला आहे. एकाने मोठा स्पीकर जोडू का म्हणून विचारले. आई नको म्हणाली. लॅपटॉप तिच्या खाटेशेजारी, रोजच्याच स्टुलावर ठेवला. पहिले गाणे संपले. दादा खाकरले. "जरा चढव," म्हणाले. ढोलकीवाल्या काकांची बोटे गुडघ्यावर हलली.

"चहा आणलाय," लॅपटॉपमधून आई म्हणाली.

आणि खाटेवरची आई आमच्या घरातल्या सुनेकडे तोंड करून म्हणाली, "अगं, काकांना चहा दिलास का?"