आईची वही

आई गेल्यावर आम्ही बहिणींनी तिची ट्रंक उघडली. नारायणपेठी साडी, कुंकवाचा करंडा आणि गाण्यांची एक वही. (साडीवरून थोडी कुरबुर झाली, ते असो.) 1962 साली लग्न होऊन ती गिरगावातल्या चाळीत आली, तेव्हा घरातला रेडिओ आजोबांचा, पोस्टात दरवर्षी पैसे भरून घ्यावा लागणारा त्याचा परवानाही त्यांच्याच नावाचा. बुधवारी रात्री आठला सिलोनवर अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ लागे, नेमकी पाने वाढण्याच्या वेळी. वहीतली बहुतेक गाणी म्हणूनच अर्धी. निसटलेल्या ओळींपुरती जागा मात्र तिने प्रत्येक ठिकाणी कोरी राखली आहे. ती गाणी आम्हांला तोंडपाठ आहेत. पेन घेऊन बसलोही. धाकटीने वही मिटली.