बारा बाय बारा

घोड्याचं ठाण बारा फूट लांब आणि बारा फूट रुंद असावं, असा जगभरच्या तबेल्यांचा संकेत आहे. म्हणजे १४४ चौरस फूट. ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात मोरी, स्टोव्ह, माळ्यावरच्या ट्रंका आणि गावाहून आलेला पुतण्या. लोअर परळात वाढलेल्याला ही तुलना कुणी शिकवावी लागत नाही, कारण रुळांच्या पलीकडे १८८३ पासून महालक्ष्मीचं रेसकोर्स आहे.

घोड्यावर माझा राग नाही. तो उभ्याउभ्या डुलकी काढतो म्हणून त्याला अंथरूण कशाला, असं वाटू शकतं. पण गाढ, स्वप्नांची झोप त्याला आडवं झाल्याशिवाय मिळत नाही, आणि जमीन कडक, ओली किंवा निसरडी असली की तो आडवा होत नाही. म्हणून अंगावर सकाळी काड चिकटलेलं दिसलं की मोतद्दार खूश असतो. खराऱ्याचं काम वाढलं, पण जनावर निजलं.

अंथरायचं काय, यावर घोडेवाल्यांचं एकमत कधी होत नाही. गव्हाचं काड उबदार आणि स्वस्त. त्याची नळी मेणचट असल्यानं मूत शोषण्यापेक्षा खाली वाहून जाऊ देण्याकडे त्याचा कल, त्यामुळे फरशीला उतार हवाच. कोकणातला भाताचा पेंढा मऊ, पण खादाड घोडा रात्रीतून अंथरूणच फस्त करतो आणि पोटशूळ ओढवून घेतो. रंध्याखाली पडणाऱ्या लाकडाच्या चकत्या ओल चांगली धरतात, आणि घोडा सहसा त्यांना तोंड लावत नाही. मात्र त्या कुठल्या लाकडाच्या, हे विचारून घ्यावं. अमेरिकेतल्या काळ्या अक्रोडाच्या चकत्यांवर नुसतं उभं राहून घोड्यांचे पाय सुजतात, खूर आतून धरतात. आपल्याकडे काळा अक्रोड नाही, पण सुताराच्या गोणीत प्लायवूडचा डिंकाळ चुरा आणि चुका निघतात. करवतीचा बारीक भुसा तर मी नकोच म्हणेन, धूळ फार.

आणि मुंबईत कशाचीही निवड केली तरी हवा मध्ये पडते. दमट दिवसांत पेंढ्याची गंजी आतून काळी पडते, हलवली की बुरशीचा धूर उठतो. शर्यती पावसाळ्यात पुण्याला जातात, हे त्या दृष्टीनं बरंच. गवताची ही काळजी जुनीच. चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्याचा दाणागोटा जपून वापरा आणि दिवे सांभाळा. उंदीर पेटती वात ओढून नेतील, गवत जळेल, घोडी मरतील. राजानं उंदरापर्यंत विचार करावा, याचं मला अजून नवल वाटतं.

साफसफाईचं खरं काम पहाटे, घोडा ट्रॅकवर गेला की सुरू होतं. लीद उचलायची, ओलं काड दाताळ्यानं वेगळं करायचं, कोरडं भिंतीकडे सारून फरशी उघडी ठेवायची. घोडीचं ठाण मागच्या कडेला भिजतं, घोड्याचं मधोमध. जाणता माणूस आधी तिथंच दाताळं घालतो. कडेला काड उंच रचतात, म्हणजे लोळताना जनावर भिंतीशी अडकून पडत नाही. थंड मुलखात ओलं तसंच ठेवून वर नवा थर देतात, खालचा थर कुजत ऊब देतो. इथं ती चैन अंगाशी येईल. मुतातल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात, आणि त्याचा जोर जमिनीलगत सर्वांत जास्त. उभ्या माणसाला ठाण स्वच्छ वाटतं. निजलेला घोडा मात्र तेच हुंगत असतो, आणि त्याला तोंडानं श्वास घेता येत नाही. तपासणीला येणाऱ्या मालकानं पँटची इस्त्री विसरून उकिडवं बसावं.

एवढी काळजी घोड्याच्या श्वासाची. हे लिहिताना मला आमच्या मजल्यावरचे, कापड गिरणीच्या कार्डिंग खात्यातले काका आठवतात. त्या खात्यात कापसाची पूड हवेत तरंगायची. भुवया, मिशा पांढऱ्या व्हायच्या. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी छाती आवळून यायची. वैद्यकात या दुखण्याला बिसिनोसिस म्हणतात, चाळीत दमा म्हणत. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्या पुढे उठल्या, खोकला मात्र काकांकडेच राहिला. घोड्यासाठी धूळविरहित चकत्या मागवल्या जातात यात गैर काही नाही. कार्डिंगच्या मशिनांवर धूळ ओढून घेणारी नळी बसवणंही माणसाला ठाऊक होतं. फरक एवढाच की खोकणारा घोडा रविवारी धावत नाही आणि मालकाचे पैसे बुडतात. खोकणाऱ्या कामगाराच्या जागी गेटवर बदली उभा असे.

उरली लीद. काडाची लीद कुजून उत्तम खत होते. पांढऱ्या बटण अळंबीची शेती जगभर त्याच खतावर वाढली. लाकडाच्या चकत्यांचं तसं नाही. त्या कुजताना मातीतलाच नत्र खातात, म्हणून शहाणा माळी गोणी उघडून पाहतो, चकत्या दिसल्या की परत बांधतो.