आत्याची बाजू

चाकणच्या जमिनीला भाव आला तसा आणखी एका कागदालाही आला. तो म्हणजे वंशावळ. निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, सावरदरी, कुठल्याही गावात जा. एमआयडीसीचा मोबदला घ्यायचा असो की सातबाऱ्यावर वारस लावायचे असोत, पणजोबापासून उतरत आलेला तो तक्ता लागतोच. असे तक्ते मी बरेच पाहिलेत. मुलग्यांच्या फांद्या खाली खाली पसरत जातात. मुलीच्या नावाशी मात्र रेघ थांबते, कारण तिनं हक्कसोड लिहून दिलेलं असतं. तिच्या मुलांची नावं कुणी विचारत नाही. पाळण्यातच गेलेलं मूल तक्त्यात सहसा येत नाही. जो गेला त्याच्यापुढे 'मयत' एवढंच. कशानं मयत, याला रकानाच नाही.

तलाठ्याला एवढं पुरतं. हाच कागद कॅन्सरच्या डॉक्टरपुढे ठेवला तर तो कपाळाला हात लावेल. त्याला जे हवं, नेमकं तेच गाळलेलं.

आधी एक सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला लागायला नको. किडनीच्या कॅन्सरमध्ये घराण्यातून उतरलेल्या दोषाचा वाटा लहान आहे, शंभरात साधारण पाच ते आठ रुग्णांचा. विडी-सिगारेट, लठ्ठपणा, वर्षानुवर्षं अंगावर काढलेलं बीपी, ही कारणं त्याहून कितीतरी जास्त माणसांना भिडतात. पण त्या पाच-आठ जणांच्या मागे भावंडं असतात, मुलं असतात, चुलत-आते-मामे नातेवाईक असतात. त्यांच्यापैकी कुणाकुणाला वेळेत गाठता येईल, हे पुष्कळदा वंशावळीवरच ठरतं.

एक घर डोळ्यांसमोर आणा. खरं नाही, पण असं असू शकतं. आजोबांचा एक डोळा तरुणपणीच गेला. थोरल्या काकांचं बीपी एकाएकी भडकायचं, चाळिशीत गेले. आत्याच्या डोक्यात गाठ झाली, ऑपरेशन झालं, पुढे तिचा तोल कधी सावरला नाही. वडील तिशीतच नाशिक फाट्याजवळ अपघातात गेले, त्यामुळे त्यांना काय झालं असतं ते कळलंच नाही. आणि आता अडतिशीतला मुलगा, चाकणच्या कंपनीत असेंब्ली लाइनवर. मुतखडा असेल म्हणून सोनोग्राफी केली, तर दोन्ही किडन्यांत गाठी.

घरच्यांच्या लेखी हे पाच वेगवेगळे भोग. कुणी म्हणेल वास्तू, कुणी म्हणेल पितृदोष. वैद्यकाच्या लेखी, वडिलांचा अपघात सोडला तर, हा एकच आजार असू शकतो: व्हीएचएल, म्हणजे व्हॉन हिपेल-लिंडाऊ. जर्मन नेत्रतज्ज्ञ व्हॉन हिपेल यांनी १९०४ मध्ये डोळ्याच्या पडद्यातल्या गाठींचं वर्णन केलं. स्वीडनच्या लिंडाऊंनी १९२६ मध्ये त्याच आजाराचं मेंदूशी असलेलं नातं दाखवलं. तिसऱ्या गुणसूत्रावरचं जनुक सापडायला मात्र १९९३ उजाडलं. साधारण ३६ हजार जन्मांमागे एकाला हा दोष असतो, आणि त्यातल्या पाचांतल्या एकात तो नव्यानंच उपजलेला असतो, आईबापांकडून आलेला नसतो.

हे जनुक पेशीतल्या प्राणवायूचा हिशेब सांभाळतं. ते बिघडलं की पुरेसा प्राणवायू असतानाही पेशीला तो कमी पडतोय असं वाटतं, आणि ती नव्या रक्तवाहिन्या मागवत सुटते. म्हणून या गाठी रक्तानं गच्च भरलेल्या असतात. ही यंत्रणा उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेंझा यांना २०१९ चं नोबेल मिळालं. गंमत अशी की घराण्यात असा आजार नसलेल्या माणसाच्या किडनीतही जी सर्वांत नेहमीची गाठ होते, तिच्यात बहुतेक वेळा हेच जनुक मोडलेलं सापडतं. मोजक्या कुटुंबांनी आपल्या काका-आत्यांचे आजार न लपवता डॉक्टरांपुढे मांडले, रक्त दिलं, आणि त्यातून सगळ्यांच्याच कॅन्सरचं कोडं सुटू लागलं. या वाटेवरचं बेल्झुटिफान हे औषध अमेरिकेत २०२१ मध्ये व्हीएचएलसाठी मंजूर झालं.

आता परत तक्त्याकडे. महाराष्ट्रानं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा वाटा १९९४ मध्ये दिला, देशानं २००५ मध्ये. जनुक पहिल्यापासून तसंच वाटलं जातं. दोष असलेल्या आईच्या किंवा बापाच्या प्रत्येक मुलाला, मुलगा असो की मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी. इथं हक्कसोड पत्र चालत नाही. तक्त्यात जिची रेघ थांबवली त्या आत्याची मुलं आज मंचरला किंवा शिरूरला असतील, आडनाव वेगळं असेल, आणि त्यांना कुणी काही कळवलेलं नसेल.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट दडते. एफएच नावाच्या जनुकातल्या दोषानं तरुणपणीच गर्भाशयात खूप फायब्रॉइड होतात, अंगावर थंडीत ठणकणाऱ्या बारीक गाठी येऊ शकतात, आणि त्याच घरात किडनीचा फार आक्रमक कॅन्सरही होऊ शकतो. व्हीएचएलमध्ये गाठ तीन सेंटिमीटर होईपर्यंत नजर ठेवून थांबतात, म्हणजे किडनी जास्तीत जास्त वाचते. एफएचच्या गाठीत तसं थांबायचं नसतं. आपल्याकडे मात्र अशा बाईचा सगळा इतिहास 'पिशवी काढली' या दोन शब्दांत मिटतो. पिशवी काढलेल्या प्रत्येक बाईत हा दोष असतो असं मुळीच नाही. पण का काढली, किती वयात काढली, हे कुणी विचारतच नाही.

विचारणार तरी कोण? ओपीडीत डॉक्टर म्हणतात, "घरात कुणाला असं होतं का?" लातूर, बीड किंवा जळगावहून आलेल्या कामगाराच्या डोळ्यांपुढे थेरगावातल्या दोन खोल्या आणि त्यातली चार माणसं येतात. तो "नाही" म्हणतो. पुढचा नंबर पुकारला जातो. ज्या आजीला सगळं ठाऊक आहे, ती गावी आहे. शिवाय लपवण्याची सवय आहेच. स्थळाला कळलं तर? माझी आई तिच्या बहिणीच्या आजाराला अजूनही 'पोटाचं' म्हणते. बहिणीच्या मुलींची लग्नं होऊन त्यांना नातवंडं झाली, तरी.

या पट्ट्यात वारशाबरोबर शॉपफ्लोरचाही विचार करायला हवा. सुट्या भागांवरचं तेल-ग्रीस काढायला वापरल्या जाणाऱ्या ट्रायक्लोरोइथिलीनला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्ये माणसात कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं, तेही मुख्यतः किडनीच्या पुराव्यावरून. मध्य युरोपातल्या कामगारांचा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो, की ज्यांना जीएसटीटी१ जनुकाची चालू प्रत वारशानं मिळाली होती त्यांच्यातच या रसायनानं धोका वाढलेला दिसला. यावरून कुणाला कामगारांचं रक्त तपासून भरती करायचं सुचेल, म्हणून माझं मत स्पष्ट लिहितो: बदलायची ती रसायनाची टाकी, माणूस नव्हे.

ही भीती हवेतली नाही. जनुकीय चाचणीवरून नोकरी नाकारू नये असा कायदा अमेरिकेनं २००८ मध्ये केला. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. विम्याच्या बाबतीत निदान दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये, हृदयाच्या एका आनुवंशिक आजाराच्या खटल्यात, जनुकीय आजार सरसकट वगळणं भेदभावाचं ठरवलं.

तरी चाचणीला घाबरू नये असंच मी म्हणेन. आधी आजारी माणसाचं रक्त तपासतात. त्याच्यात दोष सापडला तर नातेवाइकांत फक्त तेवढाच शोधतात. ज्याच्यात तो नाही, त्याची आणि त्याच्या मुलाबाळांची या काळजीतून सुटका. ज्याच्यात आहे, त्याला नजर ठेवता येते. व्हीएचएलच्या घरात बाळाचे डोळे पहिल्या वर्षापासून तपासतात, पोटाचा एमआरआय साधारण पंधराव्या वर्षापासून. टाटा मेमोरियलचा कॅन्सर जनुकशास्त्र विभाग खारघरला अ‍ॅक्ट्रेकमध्ये आहे, चाकणहून सकाळी निघालं तर दुपारच्या आत पोचता येतं.

घरात कुणाला पंचेचाळिशीच्या आत किडनीची गाठ झाली असेल, किंवा दोन्ही किडन्यांत झाली असेल, तर आत्याला, मावशीला फोन लावा. कोण गेलं, कितव्या वर्षी, कोणत्या अवयवाचं दुखणं होतं, डोळा, डोकं की पोट, एवढं लिहून घ्या. तो कागद डॉक्टरला दाखवा, आणि ते जे सांगतील ते आत्याच्या मुलांनाही कळवा.