माईल्स कोणाचे?

माझा धाकटा भाऊ सोलापुरी टॉवेल परदेशी विकतो. वर्षातून पाच-सहा वेळा दुबई, दोनदा नैरोबी आणि जानेवारीत फ्रँकफर्टचं कापडाचं प्रदर्शन. गेल्या ईदला घरी आला तेव्हा त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. सहा विमान कंपन्यांची खाती, प्रत्येकात थोडे थोडे माईल्स. "आपा, तू मुलांचे निकाल लावतेस, यांचाही लावून दे. यातून अम्मीचा उमरा होईल का?"

मी स्वतः विमानात एकदाच बसले आहे. पण तक्ता आखायला काय लागतं? त्याच्या वर्षभराच्या तिकिटांचा आखला. तारीख, मार्ग, कंपनी, भाडं, मिळालेले माईल्स. आखता आखता पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही की सहा खाती म्हणजे सहा गळकी मडकी. एकातले माईल्स तर मुदत संपून गेलेही होते.

विमान कंपन्यांचे तीन मोठे गट आहेत: स्टार अलायन्स, वनवर्ल्ड आणि स्कायटीम. एका गटातल्या कंपनीने प्रवास करून माईल्स त्याच गटातल्या दुसऱ्या कंपनीच्या खात्यात घालता येतात. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे. लुफ्थान्साही त्यातच. म्हणजे फ्रँकफर्टच्या प्रवासासाठी जर्मन खातं वेगळं ठेवायची गरज नव्हती. मात्र किती माईल्स मिळणार हे तिकिटाच्या प्रकारावर ठरतं. अगदी स्वस्त तिकिटावर फार थोडे मिळतात.

एमिरेट्स या तिन्ही गटांत नाही. पण भावाचे बहुतेक प्रवास दुबईचे किंवा दुबईमार्गे नैरोबीचे. त्यांच्या स्कायवर्ड्स योजनेत घरच्या माणसांचे माईल्स एका ठिकाणी जमा करता येतात आणि ते साधारण तीन वर्षं टिकतात. वरची पायरी गाठली की सामानाचं वजनही वाढवून मिळतं. टॉवेलचे नमुने वाहणाऱ्याला लाउंजमधल्या कॉफीपेक्षा त्याचं मोल जास्त. दुबईहून जेद्दा आणि मदिना दोन्हीकडे त्यांची विमानं जातात. तेव्हा निकाल सोपा होता: मुख्य खातं हे, फ्रँकफर्टपुरतं एअर इंडियाचं, बाकीची चार बंद. फुकट तिकीटही पुरतं फुकट नसतं, कर आणि इतर आकार खिशातून भरावेच लागतात, हे अम्मीला मी आधीच सांगून ठेवलं.

इथवर सगळं ठीक होतं. मग माझी नजर भाड्याच्या रकान्यावर थांबली. दोन वेळा त्याच आठवड्यात दुसऱ्या कंपनीचं तिकीट स्वस्त होतं, एकदा तर आठ हजारांनी. याने तरी महागडं घेतलं होतं.

"वेळ सोयीची होती," तो म्हणाला.

मी बघत राहिले. वीस वर्षं वर्गात उभी आहे, गृहपाठ घरी विसरल्याची कारणं मला ऐकून पाठ आहेत.

"बरं, माईल्ससाठी घेतलं. पण अम्मीसाठीच ना?"

"आणि आठ हजार कोणाचे?"

पेढी दोघांची आहे. भागीदार पूर्व भागातले, त्यांच्या घरात तीन पिढ्यांपासून माग आहेत. तिकिटाचे पैसे दोघांच्या गल्ल्यातून जातात आणि माईल्स मात्र प्रवाशाच्या नावावर पडतात, कारण खातं माणसाचं असतं, पेढीचं नाही. नियमाने ते भावाचेच. पण घराण्याचा व्यवहार एवढ्यावर थांबत नाही. अम्मी आतून तांदूळ निवडत ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "मला ते तिकीट नको रे बाबा, त्यांना विचारल्याशिवाय."

भाऊ दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तो भागीदारांकडे गेला आणि तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. ते हसले म्हणे, पण कागद ठेवून घेतला. संध्याकाळी दोघांनी मिळून ठरवलं ते असं: तिकीट स्वस्त आणि वेळेला बरं असेल तेच घ्यायचं, कंपनी कोणतीही असो. माईल्स आपोआप पडतील ते प्रवास करणाऱ्याचे. त्या दोन तिकिटांचा फरक भावाने आपल्या खात्यातून पेढीत भरायचा.

त्याने भरला. परवा नैरोबीला गेला तो दुसऱ्याच कंपनीने, साडेपाच हजार वाचवून. माईल्सचा आकडा आहे तिथेच आहे, आणि उमरा बहुतेक पुढच्या वर्षावर जाईल. अम्मीचा पासपोर्ट नव्याने करायला टाकला आहे. फोटोत डोळे मिटले म्हणून तिला पुन्हा एकदा स्टुडिओत न्यावं लागलं.