‘नवा व्यापार’ आणि पाचशेतले उरलेले पैसे



तुमच्यापैकी जे 80-90 च्या दशकात लहान होते, त्यांना ‘नवा व्यापार’ नक्की आठवत असेल. मे महिन्याची सुट्टी, जमिनीवर मांडलेला पट, रंगीत नोटा आणि बँक कोणी सांभाळायची यावरून भांडण! आमच्या घरचा खोका माळ्यावर पडून होता. कोपरे फाटलेले, हरवलेल्या सोंगट्यांच्या जागी शर्टाची बटणं. गेल्या जुलैत तो मी शाळेत नेला.

माथेरानचा जुलै म्हणजे मैदान विसरायचं. धुकं खिडकीतून थेट वर्गात येतं. तिसरीची मुलं कंटाळली होती आणि माझा हातच्याच्या वजाबाकीचा घटक अडला होता. म्हटलं, बघू या खेळून.

आधी थोडी तयारी केली. पटावरच्या किमतींवर कागद चिकटवून 365, 240 अशा किमती लिहिल्या. फाटक्या नोटांऐवजी मुलांनी जुन्या पुठ्ठ्याच्या नोटा केल्या. हा खेळ तासन्‌तास चालतो, म्हणून अर्ध्या तासाचं बंधन घातलं.

वर्गात एक मुलगा आहे. वडील घोडेवाले. माथेरानमध्ये मोटारींना बंदी, त्यामुळे दस्तुरी नाक्यावरून पर्यटक घोड्यावर येतात. सुट्टीत हाही वडिलांसोबत तिथे असतो. पालकसभेत मी त्यांना सांगितलं होतं, “गणितात फार कच्चा आहे.” ते एवढंच म्हणाले, “बाई, पैशात तर चुकत नाही तो.” मी ते कानाआड केलं. माझ्यासमोर त्याची वही होती ना! त्यात 500 – 365 चं उत्तर होतं 265. शून्यातून पाच जात नाहीत, म्हणून त्याने पाचातून शून्य वजा केलं होतं.

त्या दिवशी बँक त्याच्याकडे आली. एका मुलीने 365 ची जागा घेतली आणि पाचशेची नोट दिली. मी मुद्दाम गप्प राहिले. तो नोटा एकेक करून तिच्या हातावर ठेवत गेला. “तीनशे पासष्ट... हे पाच, सत्तर. हे तीस, चारशे. हे शंभर, पाचशे. झाले ना?” पाच, तीस, शंभर. एकशे पस्तीस. बरोब्बर!

माझ्या अंगावर काटा आला. वहीत चुकलेलं तेच उदाहरण त्याने मागून नव्हे, पुढे मोजत सोडवलं होतं. दुकानदार असंच करतात. आणि मी त्याला कच्चा ठरवून मोकळी झाले होते.

ज्या ‘मोनोपॉली’वरून आपले व्यापाराचे खेळ आले, ती अमेरिकेत 1935 पासून मोठ्या प्रमाणावर विकली जाऊ लागली. पण तिचं मूळ आहे एलिझाबेथ मॅगी या बाईंच्या खेळात. जमिनीच्या भाड्याने मालक कसे श्रीमंत होतात आणि बाकीचे कसे गरीब होतात, हे लोकांना कळावं म्हणून त्यांनी तो बनवला. 1904 मध्ये त्याचं पेटंट त्यांना मिळालं. म्हणजे हा खेळ मुळात शिकवण्यासाठीच जन्मला. मला मात्र त्याने मुलांआधी शिकवलं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर एक रेघ ओढली. एका टोकाला 365, दुसऱ्या टोकाला 500. त्याला म्हटलं, “काल पैसे दिलेस, तशा उड्या मार.” त्याने मारल्या. मग त्याच उड्यांशेजारी हातच्याची मांडणी लिहिली. आजही मांडणीत तो कधी कधी अडखळतो. पण आता पान कोरं सोडत नाही. आधी कोपऱ्यात बारीक रेघ काढून उत्तर पडताळतो.

पाऊस ओसरल्यावर मी दस्तुरीला त्याच्या वडिलांना भेटले. म्हटलं, “त्या दिवशी मी चुकले. तुमचं बरोबर होतं.” ते घोड्याचा पट्टा आवळत हसले. “बाई, मी सांगितलं होतं की.”

तुमच्या माळ्यावरही असा एखादा खोका असेल, तर काढा. मुलांना बँक द्या आणि थोडा वेळ आपण गप्प बसून बघा. काय दिसलं ते मलाही कळवा.